परदेशी प्रवेशाचा निबंध: वाचणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

१८८३च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल या गावातून अठरा वर्षांच्या एका मराठी मुलीनं फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसत नाही हे त्यांनी पत्रात लपवलं नाही. माझी गोष्ट वेगळी आहे, ती तशीच विचारात घ्यावी, अशी विनंती केली. मित्रमंडळी आणि जात या सगळ्यांचा एकवटलेला विरोध असताना ज्या निश्चयानं मला इथवर आणलं, तोच पुढचा अभ्यासही करून घेईल, असं लिहिलं. आणि कशासाठी शिकायचंय हेही मोघम ठेवलं नाही: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत द्यायची आहे. प्रवेश मिळाला, १८८६मध्ये पदवी मिळाली.

आज पुण्या-नागपुरातून, लातूरहून किंवा दुबईतल्या मराठी घरातून परदेशी विद्यापीठाला अर्ज करणाऱ्या मुलामुलींनी हे पत्र जरूर वाचावं. त्यातली भावना मोठी आहेच, पण मला त्याची बांधणी जास्त महत्त्वाची वाटते. माझ्यात काय कमी आहे, ती कमी भरून काढेन याचा पुरावा काय, आणि हे शिक्षण नेमक्या कोणत्या कामी येणार, या तीन गोष्टी समोर ठेवल्या की अनोळखी माणसाला निर्णय घेता येतो. प्रवेशाचा निबंध याचसाठी असतो. वाचणारा तुम्हाला भेटलेला नाही आणि बहुधा भेटणारही नाही. त्याच्यापुढे गुणपत्रिका आहे, शिफारसपत्रं आहेत आणि तुमच्यासारखेच गुण असलेले आणखी पुष्कळ अर्ज आहेत. गुणपत्रिका जे सांगू शकत नाही, ते त्याला तुमच्या लिखाणातून कळायला हवं.

आपल्याकडे बारावीनंतरचा प्रवेश म्हणजे सीईटी, जेईई, नीट. आकडा आला, यादी लागली, विषय संपला. त्यामुळे ‘निबंध लिहा’ म्हटलं की मुलांना ती एक औपचारिकता वाटते आणि सगळी शक्ती परीक्षांवर खर्च होते. शेवटच्या आठवड्यात कुणाचा तरी जुना निबंध मागवून त्यात नावगाव बदललं जातं. गुण उत्तम असलेले किती तरी अर्ज अशा निबंधापायी मागे पडतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी वाचणारा ओळखा

‘एसओपी’ (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे शिकण्यामागचा हेतू सांगणारं निवेदन) हा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. वेगवेगळ्या ठिकाणी वाचणारा वेगळा असतो आणि त्याला पडलेला प्रश्नही वेगळा असतो.

अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांचा निबंध प्रवेश कार्यालयातले अधिकारी वाचतात. एक हजारांहून जास्त महाविद्यालयं ‘कॉमन ॲप’ हा एकच अर्ज स्वीकारतात आणि त्यातल्या मुख्य निबंधाला २५० ते ६५० शब्दांची मर्यादा आहे. सात विषय दिलेले असतात आणि त्यातला एक ‘तुमच्या आवडीचा कोणताही’ असा असतो. अमेरिकेत पदवीच्या सुरुवातीला बहुतेक ठिकाणी विषय पक्का करावा लागत नाही, म्हणून हा निबंधही विषयाबद्दल असावा अशी अपेक्षा नसते. हा मुलगा विचार कसा करतो, वसतिगृहात, वर्गात, चर्चेत तो कसा सहाध्यायी ठरेल, हे त्यांना पाहायचं असतं. इथं आजीबरोबर केलेली वाळवणंही चालतात आणि मोडलेला रेडिओही चालतो, फक्त त्यातून तुमचं डोकं कसं चालतं ते दिसलं पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा आहे. तिथं आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे आणि प्रत्येकाचं उत्तर जास्तीत जास्त ३५० शब्दांत द्यायचं. तिथं सजावटीला जागाच नाही, सरळ उत्तर हवं. याशिवाय बऱ्याच महाविद्यालयांचे स्वतःचे छोटे प्रश्न असतात आणि ‘आमच्याकडेच का?’ हा त्यातला नेहमीचा. त्याच्या उत्तरातून विद्यापीठाचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं तरी उत्तर तसंच चालत असेल, तर ते उत्तर झालेलं नाही, असं समजा.

ब्रिटनमध्ये चित्र उलटं आहे. तिथं बहुतेक ठिकाणी मुलगा पहिल्या दिवसापासून एकच विषय शिकतो आणि अर्ज वाचणारा बहुधा त्याच विषयाच्या विभागातला असतो. त्याला तुमच्या बालपणात रस नाही, विषयातल्या तुमच्या गतीत आहे. तिथल्या विद्यापीठांचे पदवीचे अर्ज ‘यूकॅस’ ही एकच संस्था घेते. पूर्वी तिच्या अर्जात ४,००० अक्षरांचं एक सलग निवेदन असे. २०२६च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले: हा विषय का शिकायचाय, आतापर्यंतच्या शिक्षणानं त्यासाठी तुमची तयारी कशी करून घेतली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत व त्याचा उपयोग काय. एकूण मर्यादा ४,०००च आहे आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरं लागतात. ही अक्षरं आहेत, शब्द नव्हेत, आणि त्यात मधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. एका अर्जात पाचपर्यंत अभ्यासक्रम निवडता येतात आणि हीच उत्तरं त्या सगळ्यांना जातात, म्हणून त्यात एखाद्या विद्यापीठाचं कौतुक करणं म्हणजे उरलेल्या चौघांना नाराज करणं.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, विशेषतः पीएचडीला, वाचणारे प्राध्यापक असतात. ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणजे खरं तर त्यांच्याशी केलेलं कामाचं बोलणं. कोणत्या प्रश्नावर काम केलंत, त्यात कुठं अडलात, पुढं काय शोधायचंय, आणि ते आमच्याच विभागात का शोधता येईल? अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठासारख्या काही ठिकाणी ‘पर्सनल स्टेटमेंट’ वेगळं मागतात. तिथं मात्र तुमची वाट, घरची परिस्थिती, आलेल्या अडचणी यांना जागा असते. दोन्हींत तोच मजकूर फिरवून घालू नका. जर्मन विद्यापीठांना लागणारं ‘मोटिव्हेशन लेटर’ याहूनही कोरडं आणि मुद्देसूद असावं. पदवीला शिकलेले विषय त्यांच्या अभ्यासक्रमातल्या विषयांशी कसे जुळतात हे तिथं सांगावं लागतं. त्यात सुरुवातीला एखादं मोठ्या माणसाचं वचन घातलं, तर ते निव्वळ जागा खातं.

व्हिसासाठी, उदाहरणार्थ कॅनडाच्या, द्यावं लागणारं स्पष्टीकरणाचं पत्र ही आणखी वेगळी गोष्ट. ते वाचणारा शिक्षक नसून व्हिसा अधिकारी असतो. पैसे कुठून येणार, हाच अभ्यासक्रम का आणि तो संपल्यावर पुढं काय, एवढंच त्याला पाहायचं असतं. प्रवेशाचा निबंध तिथं चिकटवू नये.

शिष्यवृत्ती देणाऱ्याचा प्रश्न

शिष्यवृत्ती देणारा एक प्रश्न जास्तीचा विचारतो: आमचा पैसा तुमच्यावर खर्च झाल्यावर तुमच्याशिवाय आणखी कुणाचं काय बदलणार?

हा प्रश्न जुना आहे. १९१३मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार. आजच्या अटी सौम्य आहेत, पण त्यांचा रोख तोच आहे. ब्रिटिश सरकारची चेवनिंग घेतली तर शिक्षणानंतर किमान दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. भारत आणि अमेरिका सरकारांच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेल्यालाही परत येऊन दोन वर्षं देशात काढावी लागतात. चेवनिंग नेतृत्व, माणसं जोडण्याची हातोटी, ब्रिटनमधलं शिक्षण आणि पुढची कारकीर्द यांबद्दल वेगवेगळे प्रश्न विचारते. राष्ट्रकुल देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या ब्रिटनमधल्या कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीला तुमच्या शिक्षणाचा तुमच्या देशाच्या विकासाशी संबंध हवा असतो. केंब्रिज विद्यापीठातल्या गेट्स केंब्रिज शिष्यवृत्तीच्या निकषांत बुद्धिमत्ता आणि नेतृत्वाबरोबर इतरांचं आयुष्य सुधारण्याची बांधिलकी स्पष्ट लिहिलेली आहे. हे निकष संकेतस्थळावर उघड असतात. निबंध लिहायला बसताना ते कागदावर उतरवून शेजारी ठेवावेत आणि प्रत्येक परिच्छेद त्यातल्या कोणत्या निकषाला उत्तर देतो ते पाहावं, एवढं साधं काम फार थोडे जण करतात.

‘देशाची सेवा करायची आहे’ या वाक्यानं यातलं काहीच साधत नाही. कोणत्या तालुक्यात, कोणत्या खात्यात, कोणत्या कामात, हे आलं की मगच वाचणाऱ्याला तुम्ही विचार केलाय हे पटतं. आणि ‘मी सगळं बदलून टाकेन’ यापेक्षा ‘पहिली दोन वर्षं मी अमुक प्रयोगशाळेत अमुक चाचणी उभी करेन’ यावर विश्वास लवकर बसतो.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांत जोर असतो तो उत्पन्न, गुण आणि जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठाच्या प्रवेशपत्रावर. त्यामुळे ‘आपल्याला निबंध लागत नाही’ असा समज होतो. पण ते प्रवेशपत्र मिळवायला निबंध लागतोच, आणि तोही शिष्यवृत्तीची जाहिरात यायच्या कितीतरी महिने आधी. जाहिरातीची वाट पाहत बसलेल्या मुलाच्या हातात अर्ज भरायची वेळ येते तेव्हा प्रवेशपत्र नसतं. ज्यांच्या घरात हे सांगणारं कुणी नाही त्यांचंच यात सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून शिक्षकांनी हे शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गात सांगायला हवं.

शाळेतला निबंध विसरावा लागतो

दहावीपर्यंत आपण निबंध लिहिला तो वेगळ्या नियमांनी. सुरुवातीला सुभाषित किंवा कवितेची ओळ, मधे तीन-चार मुद्दे, भाषा अलंकारिक, शेवटी संदेश. ‘माझा आवडता ऋतू’ला ते शोभतं. परदेशी अर्जात मात्र यातली प्रत्येक सवय आड येते. सुभाषित तुमचं नसतं. अलंकारांमागे माणूस दिसत नाही. आणि संदेश वाचणाऱ्याला नको असतो, कारण तो तुमच्याकडून शिकायला बसलेला नसून तुम्हाला समजून घ्यायला बसलेला असतो.

फरक दाखवायला एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातली, द्राक्ष बागायतदाराच्या घरातली एक मुलगी आहे. बीएस्सी कृषी झालीय आणि नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र शिकायला जायचंय. तिचा पहिला मसुदा साधारण असा असतो: ‘मला लहानपणापासून शेतीची आवड आहे. शेतकरी हा आपल्या देशाचा कणा आहे. वडिलांचे कष्ट पाहून मी शेतकऱ्यांसाठी काहीतरी करायचं ठरवलं. आपलं विद्यापीठ जगप्रसिद्ध असून तिथं शिकणं हे माझं स्वप्न आहे.’

यात खोटं काही नाही. तरीही हा परिच्छेद महाराष्ट्रातल्या हजारो मुलांना जसाच्या तसा लागू पडतो, आणि अडचण हीच आहे. आता तिला प्रश्न विचारायचे. घरी बागेत नेमकं काय पाहिलंस? ती सांगते: ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डावणीच्या, म्हणजे पानं ओली राहिली की पसरणाऱ्या बुरशीजन्य रोगाच्या, भीतीनं वडील रात्री उशिरापर्यंत फवारणी करायचे. फवारणीची एक वही होती. कोणतं औषध, किती, कधी, सगळं त्यात. वही का ठेवायचे? निर्यातीला माल द्यायचा तर औषधाचा अंश मर्यादेत लागतो. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून भारतातली द्राक्षं युरोपात अडकली होती, त्याची धास्ती घराघरात होती. मग तू काय केलंस? शेवटच्या वर्षी शेजारच्या तीन बागांच्या वह्या मागून घेतल्या आणि हवामानाच्या नोंदींशी लावून पाहिल्या. काय दिसलं? पान ओलं राहण्याचा काळ कमी होता अशा दिवसांतही फवारण्या झाल्या होत्या, निव्वळ तारीख आली म्हणून. मग वडिलांना सांगितलंस? सांगितलं, पण ते म्हणाले, एक फवारणी चुकली आणि बाग गेली तर वर्षाचं कर्ज कोण फेडणार. त्यावर उत्तर नव्हतं.

निबंध इथं सापडतो. वही, तीन बागा, ओल्या पानांचे तास, आणि वडिलांचा तो प्रश्न. त्या प्रश्नातून तिचा अभ्यासाचा विषय आपोआप बाहेर येतो: रोगाचा अंदाज देणारी जी पद्धत दुसऱ्या हवामानात बसवलेली आहे, ती छाटणीनंतरच्या इथल्या पावसात कितपत विश्वासाची ठरेल, आणि शेतकऱ्यानं एक फवारणी टाळावी इतका विश्वास तिच्यावर ठेवता येईल का? वाखेनिंगनच का, याचंही उत्तर आता ‘जगप्रसिद्ध’ या शब्दाशिवाय देता येतं. तिथल्या अभ्यासक्रमातले कोणते विषय या प्रश्नाला उपयोगी पडतात, तेवढं लिहिलं की झालं. शेतीची आवड, वडिलांचे कष्ट, शेतकऱ्यांसाठी काहीतरी करणं हे सगळं त्यात आहेच. ते शब्दांत सांगावं लागलं नाही.

तिनं स्वतःहून हे का लिहिलं नाही? कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. घरातली वही ती काय आणि तिच्यावर निबंध तो काय! आपल्या रोजच्या जगण्याला आपण ‘ज्ञान’ समजत नाही, ही मला आपल्या शिक्षणाची सर्वांत मोठी हानी वाटते. म्हणून निबंध एकट्यानं बसून सुचत नाही. कुणीतरी समोर बसून ‘म्हणजे नेमकं काय?’, ‘मग काय झालं?’ असं विचारत राहावं लागतं. मित्र, मोठी बहीण, शिक्षक, कुणीही चालेल. हे बोलणं मराठीतच होऊ द्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. नंतर ते ऐकून इंग्रजीत लिहायला बसा. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की ऐकीव, गुळगुळीत वाक्यं आधी येतात. मराठीत बोलताना तपशील येतो.

मी म्हणायला शिकणं

आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये असं आपण ऐकत मोठे होतो. त्यामुळे ‘आम्ही गणपतीत रक्तदान शिबिर घेतलं’, ‘आमच्या टीमनं प्रोजेक्ट केलं’ असं लिहिलं जातं आणि त्यातलं तुमचं काम कुठं संपतं ते कळत नाही. इथं विनय सोडायची गरज नाही. विशेषणं सोडा आणि क्रियापदं ठेवा. ‘मी उत्तम नेतृत्व केलं’ ही बढाई झाली. ‘शंभर जणांना फोन करायचं काम मी घेतलं, चाळीस जण आले, म्हणून पुढच्या वर्षी मी वेळ बदलून संध्याकाळची ठेवली’ ही माहिती झाली. दुसऱ्या वाक्यात स्तुती कुठंच नाही, तरी नेतृत्व दिसतं.

दुःखाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. हलाखी, आजारपण, घरातला मृत्यू, जातीवरून झालेला अपमान, हे लिहिल्याशिवाय शिष्यवृत्ती मिळत नाही असा एक समज पसरला आहे. तो खरा नाही. हे अनुभव तुमचे आहेत. ते लिहायचे की नाही हे तुम्हीच ठरवायचं, आणि नाही लिहिले तर निबंध दुबळा ठरत नाही. लिहायचे असतील तर एक कसोटी लावा: मुलाखतीत तीन अनोळखी लोकांनी याबद्दल विचारलं तर मी शांतपणे बोलू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर लिहा, पण जागा वाटताना घडलेल्या गोष्टीला थोडी आणि त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याला जास्त द्या. जखम उघडी करून दाखवण्यासाठी हा निबंध नसतो, आणि तसं करायला लावणाऱ्या सल्लागाराला नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जात, पहिली शिकणारी पिढी, मराठी माध्यम, जिल्हा परिषदेची शाळा यांबद्दल लिहिताना वाचणाऱ्याला आपलं जग माहीत नाही हे लक्षात ठेवा. ‘मी आश्रमशाळेत शिकलो’ म्हटल्यानं बॉस्टनमधल्या माणसापुढे काहीच उभं राहत नाही. ‘आदिवासी मुलांसाठीची निवासी सरकारी शाळा, घर तीस किलोमीटरवर, वर्षातून दोनदा जाणं होई’ असं अर्धं वाक्य जोडलं की चित्र स्पष्ट होतं. गुणांचंही तसंच. आपल्या एखाद्या विद्यापीठात बासष्ट टक्के वर्गात वरचे असू शकतात आणि परदेशी वाचणाऱ्याला ते कमी वाटू शकतात. वर्गातला क्रमांक सांगता येत असेल तर सांगा. एटीकेटी लागली असेल, वर्ष गेलं असेल, तर दोन-तीन वाक्यांत कारण आणि त्यानंतरची सुधारणा लिहा. प्राध्यापकांना किंवा पेपर तपासणाऱ्यांना दोष देऊ नका. बऱ्याच अर्जांत जास्तीच्या माहितीसाठी वेगळी जागा असते, हे तिथं लिहिलं की मुख्य निबंध मोकळा राहतो.

उसना निबंध

२००७मध्ये यूकॅसनं आलेल्या निवेदनांची सारखेपणासाठी तपासणी केली. आठव्या वाढदिवसाला मिळालेल्या रसायनशास्त्राच्या खेळण्यानं पायजम्याला भोक पडलं आणि तिथून विज्ञानाची गोडी लागली, ही आठवण तब्बल २३४ अर्जांत सापडली. सगळ्यांनी ती एकाच नमुन्यातून उचलली होती. तेव्हापासून प्रत्येक निवेदन संगणकावर इतर निवेदनांशी ताडून पाहिलं जातं. कन्सल्टंटकडचे ‘निवड झालेले’ नमुने वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तो नमुना तुमच्या आधी किती जणांना दिला गेलाय ते तुम्हाला कळणार नाही.

आता एआयचा प्रश्न आहे. कॉमन ॲपच्या नियमांत एआयनं लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीत मोडतं. यूकॅसही निवेदन किंवा त्याचा मोठा भाग एआयकडून लिहून घेऊन आपला म्हणून देण्याला गैरप्रकार मानतं. ऑक्सफर्डला शिकण्यासाठीच्या रोड्स शिष्यवृत्तीच्या निवेदनाला तर दुसऱ्या माणसाचीही मदत चालत नाही, ते सर्वस्वी तुमचंच आहे असं लिहून द्यावं लागतं. बाकी ठिकाणी स्पेलिंग-व्याकरण तपासून घेणं वेगळं आणि लिहून घेणं वेगळं. नियमांपेक्षाही मोठं कारण हे की यंत्राला फवारणीची वही माहीत नाही. ते सगळ्यांना लागू पडेल असंच लिहितं, आणि तासगावच्या मुलीचा पहिला मसुदा नेमका तसाच होता. तुमचं इंग्रजी साधं असेल तर साधंच राहू द्या. छोटी, बिनचूक वाक्यं वाचणाऱ्याला आवडतात. दहा वर्षं मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या अर्जात अचानक जडजंबाल इंग्रजी आलं, तर संशय त्यामुळेच येतो.

शिफारसपत्रांची आपल्याकडची रीतही इथं आडवी येते. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं बऱ्याच महाविद्यालयांत सांगितलं जातं. मग निबंध आणि दोन शिफारसपत्रं, तिन्ही एकाच हातानं लिहिलेली दिसतात. सरांना किंवा मॅडमना वेळ नसतो हे खरं आहे. तेव्हा त्यांना कोरी विनंती करू नका. त्यांच्या वर्गात तुम्ही काय केलंत, कोणत्या प्रयोगात अडलात, कोणता प्रश्न विचारलात, याचं एक पान मुद्द्यांच्या रूपात त्यांना द्या आणि पत्र त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या. एवढं हातात असलं की बरेच शिक्षक मनापासून लिहितात.

वेळेचा हिशेब उलटा करावा. कॉमन ॲप १ ऑगस्टला सुरू होतं आणि लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी यूकॅसची मुदत १५ ऑक्टोबरच्या सुमारास संपते. चेवनिंगचा अर्जही साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो. म्हणजे बोलणं, रेकॉर्डिंग, पहिला मसुदा हे सगळं मे-जूनच्या सुट्टीत व्हायला हवं. दोन मसुद्यांच्या मधे आठवडाभर जाऊ द्या. मधल्या काळात न वाचता राहिलं की आपल्याच वाक्यातला पोकळपणा दिसू लागतो. वाचायला देताना पाच-सहा जणांना देऊ नका. प्रत्येक जण आपल्या आवडीचं एकेक वाक्य घालतो आणि शेवटी तो निबंध कुणाचाच राहत नाही. दोघं पुरेत: एक तुम्हाला नीट ओळखणारा, जो ‘हे तुझ्यासारखं वाटत नाही’ म्हणू शकेल, आणि दुसरा तुमचा विषय अजिबात न कळणारा, जो ‘हे मला समजलं नाही’ म्हणू शकेल.

अर्ज पाठवला की निबंधाची प्रत जपून ठेवा. शिष्यवृत्तीची मुलाखत महिन्यांनंतर होते आणि परीक्षकांच्या हातात तोच कागद असतो. तीन बागा का, दहा का नाहीत? पाऊस मोजला कुठून? वडिलांना आज काय उत्तर द्याल? असे प्रश्न त्यातूनच येतात. जो आकडा किंवा जे काम तुम्ही लिहिलं आहे, त्याची मूळ नोंद, फोटो, वही, जे असेल ते प्रतीबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवा आणि मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ती फाइल पुन्हा वाचून काढा.